होमिओपॅथीच्या संघटना: प्रसारही त्यांनीच करायचा आणि शिस्तही त्यांनीच लावायची?

पिंपळपार

नमस्कार. मी होमिओपॅथीची डॉक्टर. प्रॅक्टिसला १९ वर्षं झाली. गेली ३ वर्षं आमच्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहिता समितीवर आहे. येत्या वार्षिक सभेत मला एक ठराव मांडायचा आहे, पण लिहायला बसलं की हात थांबतो. म्हणून इथे लिहितेय.

आधी घडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी समितीकडे एका मुलीचं पत्र आलं. तिच्या वडिलांना मधुमेह. पायाच्या जखमेसाठी ते आमच्या एका सभासदाकडे जात होते. त्या डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्या बंद करायला लावल्या. त्या गोळ्यांमुळे आपल्या औषधाला काम करता येत नाही, असं कारण दिलं. जखम चिघळत गेली. मुलगी प्रत्येक खेपेला विचारायची आणि प्रत्येक खेपेला तिला सांगितलं जायचं, की हे अ‍ॅग्रव्हेशन आहे, म्हणजे औषधाने दुखणं आधी थोडं वाढतं तसं, औषध लागू पडतंय त्याची खूण आहे. असे सहा आठवडे गेले. शेवटी वडिलांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

पत्रात आरडाओरडा नव्हता. तारखा होत्या, चिठ्ठ्यांच्या प्रती होत्या आणि शेवटी एक प्रश्न होता: "किती दिवस थांबायचं असतं, हे तुमच्यात ठरलेलं आहे का?"

समितीची बैठक पाऊण तास चालली. त्यातला बहुतेक वेळ हे पत्र वर्तमानपत्रात गेलं तर काय, यातच गेला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "संबंधित सभासदास समज देण्यात आली." त्या इतिवृत्तावर माझीही सही आहे. मुलीला "आपल्या पत्राची दखल घेण्यात आली आहे" असं दोन ओळींचं उत्तर गेलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं नाही. ते आमच्याकडे नव्हतंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी १० एप्रिल आला, जागतिक होमिओपॅथी दिन. समितीतलीच आम्ही सगळी माणसं तयारीला लागलो. व्याख्यानं, मोफत तपासणी, फलक. एका फलकावर "कोणताही धोका नसलेली उपचारपद्धती" असं लिहिलेलं होतं. तो फलक मी पाहिला आणि गप्प राहिले.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. पद्धतीचा प्रसार करण्यासाठी जी संघटना उभी राहिली, तिनेच आपल्या सभासदांवर देखरेख ठेवावी का? ठेवायची तर कशी? इतर देशांत काय अनुभव आले? होमिओपॅथी काम करते की नाही यावर इथे पुष्कळ धागे आहेत. तो मुद्दा इथे आणायचाच असेल तर संघटनांच्या संदर्भात आणावा, एवढी विनंती.

---

मेघमल्हार

वाचून सुन्न झालो.

माझी आई संधिवातासाठी होमिओपॅथी घेते. डॉक्टर चांगले आहेत, रक्ताच्या तपासण्या वेळेवर करायला लावतात. त्यांच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं लावलेली आहेत. त्यातलं पदवीचं कुठलं, नोंदणीचं कुठलं आणि संघटनेच्या सभासदत्वाचं कुठलं, हे मला सांगता येणार नाही. तिन्हींचा अर्थ एकच असं मी धरून चाललो होतो, की माणूस कोणीतरी तपासून घेतलेला आहे. उद्या काही झालं तर तक्रार कोणाकडे करायची?

---

वाळवंटी_झाड

पेशाने वकील आहे, म्हणून मेघमल्हार यांच्या प्रश्नापासून सुरू करतो.

परिषद आणि संघटना या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परिषद किंवा आयोग कायद्याने स्थापन होतो. नोंदवही त्याच्याकडे असते आणि तिच्यातून नाव काढून टाकायचा अधिकारही. नाव गेलं की प्रॅक्टिस बंद. संघटना ऐच्छिक असते. वर्गणी भरा, सभासद व्हा. तिच्या हातात फार तर सभासदत्व रद्द करणं असतं, आणि ते रद्द झालं तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला कोणी अडवत नाही.

भारतात १९७३ च्या कायद्याने होमिओपॅथीची केंद्रीय परिषद आली आणि १९८२ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे विनियम झाले. परिषदेत डॉक्टरांनी निवडून दिलेले प्रतिनिधी मोठ्या संख्येने असत. २०१८ मध्ये सरकारने तिचा कारभार काढून घेऊन प्रशासक मंडळाकडे दिला. मग २०२० चा कायदा झाला आणि जुलै २०२१ पासून राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग काम करू लागला. त्याच्या हाताखाली तीन मंडळं आहेत, त्यातलं एक खास नीती आणि नोंदणीसाठी. निवडून आलेल्यांची परिषद गेली आणि बहुतांशी नेमलेल्यांचा आयोग आला. आधुनिक वैद्यकाच्या परिषदेचंही त्याच सुमारास हेच झालं. मला यातून एवढंच दिसतं, की स्वतःला शिस्त लावायचा अधिकार व्यवसायाने नीट वापरला नाही तर तो कायम हातात राहत नाही.

तेव्हा तक्रार राज्याच्या होमिओपॅथी परिषदेकडे करायची, ती अजून आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका होमिओपॅथी डॉक्टरला आधुनिक औषधं देऊन केलेल्या निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं होतं, ते प्रकरण ग्राहक कायद्यातलंच.

पिंपळपार ताई, एक विचारतो, राग मानू नका. परिषदेकडे जाता येतं हे त्या मुलीला तुम्ही कळवलं होतं का?

---

जुनी_नोंदवही

इतिहासाचा भाग मी सांगतो. प्रतिसाद थोडा लांबेल.

होमिओपॅथीची पहिली संघटना तिचे जनक खुद्द हानेमान हयात असतानाची. १० ऑगस्ट १८२९ रोजी त्यांच्या डॉक्टरेटला ५० वर्षं झाली, म्हणून शिष्य आणि चाहते जर्मनीत क्योथेनला जमले होते. तिथेच ती स्थापन झाली. जर्मन होमिओपॅथिक डॉक्टरांची मध्यवर्ती संघटना आजही आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते. पुढच्या तीनच वर्षांत पहिलं भांडण झालं. लाइपझिगमधले काही डॉक्टर होमिओपॅथीबरोबर रक्त काढणं, जळवा लावणं हे जुने उपायही करत होते. हानेमान यांनी १८३२ मध्ये त्यांना वर्तमानपत्रातून जाहीर फटकारलं, अर्धवट होमिओपॅथ म्हटलं.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संघटनेतला पहिला शिस्तीचा वाद रुग्णाला इजा झाली म्हणून झालेला नाही. तो सिद्धांताच्या शुद्धतेवरून झाला.

अमेरिकेत १० एप्रिल १८४४ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ होमिओपॅथी सुरू झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन १८४७ ची, म्हणजे होमिओपॅथीवाल्यांची राष्ट्रीय संघटना तीन वर्षं आधीची. तिच्या स्थापनेमागे दोन हेतू होते. औषधांच्या प्रूव्हिंगची, म्हणजे निरोगी माणसांना औषध देऊन दिसणाऱ्या लक्षणांची माहिती तपासून वाढवायची हा एक, आणि न शिकता होमिओपॅथ म्हणवणाऱ्यांना आवरायचं हा दुसरा. म्हणजे नियमन हे मागाहून चिकटवलेलं शेपूट नाही, ते पहिल्या दिवसाचं आहे. पण १८८० मध्ये तीही फुटली. इंटरनॅशनल हानेमानियन असोसिएशन वेगळी निघाली. कारण पुन्हा तेच: मूळ संघटना सिद्धांतापासून ढळली, असं बाहेर पडलेल्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या बाजूला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या १८४७ च्या आचारसंहितेत अशी तरतूद केली, की एकाच मताला चिकटून प्रॅक्टिस करणाऱ्यांशी सभासदांनी सल्लामसलत करू नये. रोख होमिओपॅथांवर होता. दोन्ही संघटना आपापल्या दारावर पहारा देत बसल्या. मधल्या मध्ये रुग्ण असा माणूस होता, की ज्याच्यासाठी दोन डॉक्टरांनी एकत्र बसून विचार करणंच निषिद्ध झालं.

संघटनांनी चांगली कामंही केली, ती न सांगणं अन्याय होईल. ब्रिटनमध्ये होमिओपॅथी नेणारे डॉ. क्विन यांनी १८४४ मध्ये ब्रिटिश होमिओपॅथिक सोसायटी काढली. १८५८ च्या ब्रिटिश वैद्यक कायद्यात, एखादा विशिष्ट वैद्यकीय सिद्धांत मानतो म्हणून कोणाची अडवणूक होऊ नये असं कलम आलं. ते क्विन आणि त्यांच्या उमराव मित्रांच्या खटपटीचं फळ. अमेरिकेतल्या संघटनेने १८९७ मध्ये औषधसंहिता प्रसिद्ध केली, म्हणजे औषध कसं बनवायचं याचं ठरलेलं मोजमाप आलं. पुढे १९३८ च्या औषध कायद्याचे प्रणेते सिनेटर रॉयल कोपलंड हे स्वतः होमिओपॅथ होते, आणि त्या कायद्यात होमिओपॅथीच्या औषधसंहितेला मान्यता मिळाली.

मात्र १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने वैद्यकीय महाविद्यालयांची झडती घेतली तेव्हा अमेरिकेतली होमिओपॅथिक महाविद्यालयं त्या कसोटीवर टिकली नाहीत. प्रयोगशाळा नव्हत्या, रुग्णालयं अपुरी होती. एकामागून एक ती बंद पडली किंवा त्यांनी होमिओपॅथी सोडली. संघटना शुद्धतेवर वाद घालत होती त्या वर्षांत महाविद्यालयांचा पाया कोणी पाहिला नव्हता.

---

उंबरठा

मीही याच व्यवसायातला, ३४ वर्षांचा. पिंपळपार यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण संघटनेची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

१८६७ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय सभेत होमिओपॅथीच्या बाजूने भाषण केलं आणि त्यांना वाळीत टाकलं गेलं. कलकत्ता विद्यापीठाचे एमडी होते ते. ती आठवण आमच्या पेशाच्या रक्तात उतरलेली आहे. १९७३ चा कायदा आभाळातून पडलेला नाही. नोंदणी हवी, ठरलेला अभ्यासक्रम हवा, पोस्टाने मिळणाऱ्या डिप्लोम्यांना आळा हवा, या मागण्या घेऊन कित्येक पिढ्यांनी अर्ज केले, शिष्टमंडळं नेली. १९७१ मध्ये भारतीय होमिओपॅथिक औषधसंहितेचा पहिला खंड आला. आज मदर टिंक्चर, म्हणजे औषधाचा मूळ अर्क, कोणत्या वनस्पतीच्या कोणत्या भागापासून, किती अल्कोहोलात करायचं हे लिहिलेलं आहे, ते अशा कामांमुळे.

सतत हल्ला होत असला की माणसं एकमेकांना धरून राहतात. समितीने पत्र बाहेर जाऊ नये म्हटलं ते चुकलं, पण ते का म्हटलं हे मी समजू शकतो.

मात्र एका बाबतीत मी त्या सभासदाला अजिबात पाठीशी घालणार नाही. सहा आठवड्यांचं अ‍ॅग्रव्हेशन कुठल्या शास्त्रात बसतं? हानेमान यांच्या ऑर्गेनन या मूळ ग्रंथाची कलमं १५७ आणि १५८ काढून बघा. ते तिथे पहिल्या काही तासांतल्या किंचित वाढीबद्दल बोलतात. हळूहळू चिघळत जाणारी जखम, तीही मधुमेही माणसाची, याला अ‍ॅग्रव्हेशन म्हणणं हे हानेमान यांच्याच नावाने केलेलं असत्य आहे.

---

कातरवेळ

औषधनिर्माणशास्त्र शिकवते. पिंपळपार ताईंची विनंती पाळून फक्त संघटनांबद्दल लिहिते, पण पुराव्याचा मुद्दा त्यातून वगळता येत नाही, कारण संघटना प्रसार कशाचा करते हा प्रश्न उरतोच.

३० सी पोटन्सी म्हणजे दर वेळी शंभरपट असं तीस वेळा, म्हणजे १ वर ६० शून्यं इतक्या पटीचं विरलीकरण. १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही सापडण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन निष्कर्ष काढला, की कोणत्याही आजारासाठी होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून विम्यातून तिची भरपाई बंद केली. जर्मनीच्या डॉक्टरांच्या महासभेने २०२२ मध्ये आदर्श नियमावलीतून होमिओपॅथीची अतिरिक्त पदवी काढून टाकली. यावर तुमचं मत काहीही असो, ही स्थिती आपल्या सभासदांसमोर आणि रुग्णांसमोर ठेवणारी संघटना मी पाहिलेली नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये होमिओपॅथीची औषधं लिहून देऊ नयेत असं सांगितलं, तेव्हा तिथल्या ब्रिटिश होमिओपॅथिक असोसिएशनने न्यायालय गाठलं आणि २०१८ मध्ये दावा हरली.

आता धाग्याच्या नेमक्या प्रश्नावर येते. ब्रिटनमध्ये होमिओपॅथ होण्यासाठी कायद्याने नोंदणी लागत नाही. तिथे १९७८ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ होमिओपॅथ्स स्वतःच सभासदांची नोंदवही ठेवते. म्हणजे तुम्ही विचारता तीच परिस्थिती, प्रसारक आणि नियामक एकच. व्यावसायिक मानकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्या नोंदवहीला मान्यता दिली. पुढे काही सभासद स्वमग्न मुलांवर सीज नावाचा उपचार करत असल्याचं समोर आलं. स्वमग्नतेचा दोष लसींसारख्या गोष्टींवर टाकून ती "काढून टाकण्याचा" दावा करणारा हा उपचार. प्राधिकरणाने सोसायटीला अटी घातल्या, मुदती दिल्या. पूर्तता झाली नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये मान्यता स्थगित झाली. त्याच वर्षी सोसायटी त्या योजनेतून बाहेर पडली.

इथे होमिओपॅथीचा सिद्धांत कोणी तपासला नव्हता. प्रश्न इतकाच होता, की मुलांना धोका आहे हे कळल्यावर तुम्ही तुमच्या सभासदाला थांबवता का.

---

नव्याने_शिकणारी

मी इंटर्नशिप करतेय. वरचे सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

संघटनेशी आमचा पहिला संबंध येतो तो सेमिनारमधून. सेमिनार म्हणजे एक ज्येष्ठ डॉक्टर व्यासपीठावर येऊन बऱ्या झालेल्या केसेस दाखवतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, टाळ्या. चार वर्षांत मी एकदाही असं सत्र पाहिलं नाही, की ज्यात कोणी म्हणालं, ही केस माझ्याकडून बिघडली, मी उशिरा पाठवली. रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायची सूची, कशी वापरायची हे शिकवतात, पण पेशंट आपल्या हाताबाहेर गेला हे कसं ओळखायचं ते नाही.

दुसरं, आमच्या बॅचमधले अनेकजण आतापासूनच समाजमाध्यमांवर व्हिडिओ टाकतात. "मुळापासून बरा", "शंभर टक्के खात्री". संघटनेतल्या वरिष्ठांनी त्यातल्या काहींचं कौतुक केलं, कारण होमिओपॅथीचा प्रसार होतोय. हे बरोबर आहे का हे विचारायचं तर विचारणार कोणाला, तेच कळत नाही.

---

वाळवंटी_झाड

@नव्याने_शिकणारी, बरोबर नाही, आणि ते नुसतं नीतीचं प्रकरणही नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात आजारांची एक यादी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू वगैरे. हे आजार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं गुन्हा आहे. जाहिरात करून रुग्ण ओढणं हे व्यावसायिक वर्तनाच्या नियमांतही बसत नाही. संघटनेने दुसरं काही नाही केलं आणि आपल्या सभासदांच्या व्हिडिओंवर महिन्यातून एकदा नजर टाकली तरी मोठं काम होईल.

---

पिंपळपार

कातरवेळ, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

पुराव्याबद्दल माझं आणि तुमचं पूर्ण जमणार नाही. मी १९ वर्षं माझ्या खोलीत जे पाहिलं ते मला टाकून देता येत नाही. पण माझ्या खोलीतला अनुभव हा पुरावा म्हणून फलकावर लिहायचा नसतो, हे मला मान्य आहे. जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोरोना प्रतिबंधासाठी आर्सेनिकम अल्बम ३० सुचवलं, तेव्हा मीही ते वाटलं. वाटताना लोकांना काय सांगितलं? "घ्या, काही होणार नाही." त्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि मी कुठला अर्थ त्यांच्या मनात राहू दिला, हे मला माहीत आहे. मास्क लावा, अंतर ठेवा, हे मी सांगत होते, पण बाटली हातात पडल्यावर ते किती जणांनी ऐकलं असेल?

नव्याने_शिकणारी, तू लिहिलेलं सेमिनारचं वर्णन अगदी खरं आहे. मी स्वतः अशी सत्रं घेतली आहेत.

---

मेघमल्हार

मध्येच विचारतो. महाराष्ट्रात होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधं लिहायला परवानगी देण्यावरून गोंधळ चालला होता, तो याच विषयात येतो ना?

---

वाळवंटी_झाड

येतो. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित स्वरूपात आधुनिक औषधं लिहिता यावीत, असा हेतू. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये त्यांच्या वेगळ्या नोंदणीचा विषय पुढे आल्यावर होमिओपॅथांच्या संघटना उपोषणाला बसल्या आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने सप्टेंबरमध्ये संप केला. दोन्हीकडच्या संघटना हक्कासाठी पूर्ण ताकदीने रस्त्यावर उतरतात. मला त्यात न बसणारी गोष्ट म्हणजे, हे अधिकार मिळाल्यावर चूक झाली तर सभासदाचं काय करणार, याचा मसुदा कोणत्याच बाजूने जाहीरपणे मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

---

उंबरठा

यावर मी बोलतो. आमच्या तरुणांना हे अधिकार हवे आहेत कारण गावोगाव पहिला डॉक्टर तेच असतात, ताप-जुलाबाचा पेशंट त्यांच्याच दारात येतो. ती गरज खरी आहे. पण होमिओपॅथीच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या संघटनेने आपली सगळी शक्ती दुसऱ्या पद्धतीची औषधं लिहिण्याच्या हक्कासाठी खर्च करावी, याचं मला मनापासून दुःख होतं. चांगली केस लिहिणं, एकेका लक्षणाची नोंद, पाठपुरावा, हे आमचं बळ होतं. ते कोणी जपायचं?

---

कातरवेळ

उंबरठा सर, केस लिहिण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. तेच धरून सुचवते.

संघटनेने नियामक होण्याचा प्रयत्न करूच नये. ते काम आयोगाचं. तिने आपल्या हातातलं करावं. सभासदाकडे आलेल्या रुग्णाची चालू औषधं कोणती, ती मूळ डॉक्टरांना न विचारता बंद केली का, कोणत्या दिवशी पुढे पाठवलं, एवढ्या नोंदी केसपेपरवर सक्तीच्या करा. दुसरं, तक्रारींच्या समितीत बाहेरची माणसं घ्या. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या परिषदेत निम्मे सदस्य डॉक्टर नसलेले असतात. तुमच्या समितीच्या त्या बैठकीत एकही परका माणूस असता, तर वर्तमानपत्राच्या चर्चेत बहुतेक वेळ गेला असता का?

आणि औषधं निरुपद्रवीच असतात, हे गृहीतही तपासा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१७ मध्ये दात येणाऱ्या बाळांसाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमीजास्त आणि काहींत लेबलपेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. कमी पोटन्सीत, म्हणजे कमी विरळ केलेल्या औषधात, मूळ विष खरोखर असतं. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात सोप्या नोंदणीसाठी १० हजारांत १ भाग ही मर्यादा आहे, ती याचसाठी. गुणवत्तेच्या तक्रारी गोळा करणं हे तर संघटनेचं हक्काचं काम, त्यात कोणाशी वैरही नाही.

---

उंबरठा

बाहेरची माणसं घ्यायला महिन्यापूर्वी मी विरोध केला असता. त्यांना पद्धत कळत नाही, हे माझं कारण असतं. पण त्या मुलीच्या पत्रात पद्धतीचा प्रश्न नव्हताच. किती दिवस, एवढंच तिने विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायला मटेरिया मेडिका, म्हणजे औषधांच्या लक्षणांचा ग्रंथ, पाठ असावी लागत नाही.

फक्त एक जपा. तक्रार आली म्हणजे डॉक्टर दोषी असं होऊ नये. आमच्याविरुद्ध खोट्या तक्रारी येतात, हेही वास्तव आहे. दोन्ही बाजू लेखी घ्या, केसपेपर मागवा आणि निर्णय कारणांसह लिहा. समज दिली हा निर्णय नव्हे.

---

नव्याने_शिकणारी

वर्षातून एक तरी सत्र बिघडलेल्या केसेसचं ठेवा. नावं न घेता. मी पहिल्या रांगेत बसेन.

---

पिंपळपार

ठराव लिहून झाला. इथल्या सगळ्यांमुळे झाला.

त्यात संघटनेचं नाव मोठं होईल असं काही नाही. सभासदाने दुसऱ्या डॉक्टरांची चालू औषधं त्यांच्याशी लेखी संपर्क केल्याशिवाय बंद करायची नाहीत. अ‍ॅग्रव्हेशन म्हणून वाट पाहायची असेल तर केसपेपरवर त्या दिवशीच मुदत लिहायची आणि रुग्णाला सांगायची. मधुमेह्याची जखम, श्वास लागणं, लहान मुलाचा न उतरणारा ताप, छातीतलं दुखणं अशा लक्षणांत मुदत नाहीच, त्याच दिवशी पुढे पाठवायचं. कुठली लक्षणं, याची यादी करायला एक शल्यचिकित्सक आणि एक बालरोगतज्ज्ञ यांना बोलावायचं. तक्रार समितीत पाचपैकी तीन माणसं संघटनेबाहेरची. प्रत्येक तक्रारीचा कारणांसह निर्णय, आणि वर्षाला किती तक्रारी आल्या, काय झालं, हे सभासदांना आणि बाहेरही जाहीर. होमिओपॅथी दिनाचे फलक आधी समितीने वाचायचे.

सूचक मी आहे. अनुमोदन उंबरठा सर देणार आहेत. आम्ही एकाच संघटनेत आहोत हे आम्हाला या धाग्यावरच कळलं. ठराव पडेल, असं मला तिघांनी सांगितलं आहे. पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार.

वाळवंटी_झाड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. नाही, कळवलं नव्हतं. परिषदेकडे जाता येतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि तिला सांगायचं नाही असं कोणी म्हणालंही नाही. न बोलताच ते ठरलं. सभेची वाट न पाहता आज तिला माझ्या नावाने पत्र लिहायला घेतलंय. सुरुवात अशी केली आहे: "तुम्ही विचारलं होतं, किती दिवस थांबायचं असतं हे तुमच्यात ठरलेलं आहे का. ठरलेलं नव्हतं." पुढे परिषदेकडे तक्रार कशी करायची ते लिहायचंय. तेवढं नीट सांगाल का?

---

वाळवंटी_झाड

सांगतो. तक्रार राज्याच्या परिषदेच्या प्रबंधकांच्या नावे लेखी करायची. डॉक्टरांचं नाव, माहीत असेल तर नोंदणी क्रमांक, घटनाक्रम तारखांसह. चिठ्ठ्या, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल यांच्या प्रती जोडायच्या, मूळ कागद तिने स्वतःकडेच ठेवायचे. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून साधारण दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही दोन वर्षांपूर्वीचं म्हणताय, म्हणजे ती संपली असेल किंवा संपत आली असेल. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण त्याचं कारण द्यावं लागतं. संघटनेने तिला तेव्हा काय उत्तर पाठवलं ते तिथे उपयोगी पडू शकेल, तेव्हा त्या दोन ओळींच्या पत्राची प्रतही तिला पाठवा. पत्र आजच टाका, पोच मिळेल अशा टपालाने.

---

पिंपळपार

टाकलं. प्रत जोडली आहे.